वाचकांचे प्रश्न : आकडा वाचला, एकक वाचले का?

गेल्या दोन महिन्यांत आलेली बहुतेक पत्रे प्रौढ रुग्णांच्या वॉर्डांत काम करणाऱ्या परिचारिकांची आहेत. औषधे वेगवेगळी असली तरी बऱ्याच पत्रांतील अडचण एकाच जातीची आहे : ऑर्डरमधील आकडा सर्वांनी बरोबर वाचला, पण तो आकडा कशाचा, हे कोणी विचारले नाही. त्यातील पाच प्रश्न येथे घेतले असून पत्रलेखकांची नावे त्यांच्या विनंतीवरून दिलेली नाहीत.

प्रश्न : आमच्या वॉर्डातील लाल टोपणाच्या इन्शुलिन सिरिंज संपल्या होत्या, म्हणून नाइटच्या सिस्टरनी नारिंगी टोपणाच्या सिरिंजने २० च्या खुणेपर्यंत इन्शुलिन भरून दिले. सकाळी ओव्हर (ड्यूटीची सूत्रे) घेताना रुग्णाची साखर ३०० च्या वर होती. ‘ऑर्डर २० ची होती आणि मी २० च दिले’ असे त्यांचे म्हणणे आहे. चुकले कुठे? — अधिपरिचारिका, नांदेड जिल्हा

उत्तर : सिस्टरनी २० दिले हे त्यांना प्रामाणिकपणे वाटते, पण रुग्णाला मिळाले ते ८ युनिट. आपल्याकडे वॉर्डात येणाऱ्या ह्यूमन इन्शुलिनच्या बहुतेक कुप्यांत १ मिलिलिटरमध्ये ४० युनिट असतात आणि लाल टोपणाची सिरिंज त्याच हिशेबाने आखलेली असते. नारिंगी टोपणाची सिरिंज १ मिलिलिटरला १०० युनिट या हिशेबाची असल्यामुळे तिच्यावरील २० ची खूण म्हणजे ०.२ मिलिलिटर होय, आणि ४० च्या कुपीतील ०.२ मिलिलिटरमध्ये ८ युनिटच बसतात. सिरिंजवरची खूण ही मुळात द्रवाच्या मापाची खूण आहे. तिला युनिटचा अर्थ येतो तो कुपीशी जोडी जमली तरच.

उलट दिशेची चूक अधिक भयंकर असते. १०० च्या ताकदीचे इन्शुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत भरले, तर ते ०.५ मिलिलिटर, म्हणजे ५० युनिट होते. पहिली चूक सकाळी चार्टवर दिसते. दुसरी पहाटे तीन वाजता घामाने भिजलेल्या, हाकेला ओ न देणाऱ्या रुग्णाच्या रूपाने समोर येते. इन्शुलिन पेनमधील काडतुसे बहुधा १०० च्या ताकदीची असतात, म्हणून ‘पेन बिघडले आहे, काडतुसातून सिरिंजने ओढून घेऊ’ हा वॉर्डातला नेहमीचा उपाय मी कधीच मान्य करणार नाही.

योग्य सिरिंज नसेल तर शेजारच्या वॉर्डातून आणावी. तीही मिळाली नाही तर खुणांचा गुणाकार-भागाकार मनातल्या मनात करण्यापेक्षा १ मिलिलिटरची साधी ट्युबरक्युलिन सिरिंज घेऊन हिशेब मिलिलिटरमध्ये कागदावर करावा (४० च्या कुपीतून २० युनिट म्हणजे ०.५ मिलिलिटर) आणि दुसऱ्या परिचारिकेने तो कागद न पाहता स्वतंत्रपणे पुन्हा करावा. सिरिंज पंपासाठी ५० मिलिलिटर सलाइनमध्ये ५० युनिट रेग्युलर इन्शुलिन घालतानाही हेच पथ्य पाळावे. ४० च्या कुपीतून १.२५ मिलिलिटर घ्यावे लागते. तेवढेच १०० च्या कुपीतून घेतले तर पंपात १२५ युनिट जातात आणि पंप मात्र ठरल्या वेगाने निमूटपणे चालत राहतो.

आणखी एक सूचना. ट्रीटमेंट शीटवर ‘युनिट’ हा शब्द पूर्ण लिहिण्याचा आग्रह धरावा. घाईत लिहिलेले इंग्रजी ‘यू’ अक्षर शून्यासारखे दिसते आणि ४ चे ४० होतात.

प्रश्न : हाउसमन डॉक्टरांनी ‘एक पिंट एनएसमध्ये केसीएल १०’ (म्हणजे अर्धा लिटर नॉर्मल सलाइनमध्ये पोटॅशियम क्लोराइड १०) असे लिहिले होते. मी एक पूर्ण अँप्युल घातले. सहकारी सिस्टर म्हणाल्या की अर्धेच घालायला हवे होते. बरोबर कोण? — परिचारिका, सांगली

उत्तर : दोघींपैकी कोणीही बरोबर ठरू शकते, आणि म्हणूनच ती ऑर्डर अपुरी होती. नेहमीच्या अँप्युलमध्ये १० मिलिलिटर द्रव असतो, त्यात मिलिलिटरला १५० मिलिग्रॅम, म्हणजे एकूण दीड ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड असते आणि ते २० मिलिइक्विव्हॅलंट (क्षारांची मात्रा मोजण्याचे एकक) भरते. डॉक्टरांच्या मनात १० मिलिलिटर असतील तर पूर्ण अँप्युल, आणि १० मिलिइक्विव्हॅलंट असतील तर ५ मिलिलिटर. दुपटीचा हा फरक त्या कागदावर कुठेच दिसत नाही. अशा वेळी अंदाज न करता फोन करावा, डॉक्टरांनी सांगितलेला आकडा एककासह परत म्हणून दाखवावा आणि ते ‘हो’ म्हणाल्यावरच कागदावर लिहून सही घ्यावी. ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ फोनवर सारखेच ऐकू येतात, म्हणून तेथे ‘एक-पाच’ किंवा ‘पाच-शून्य’ असे सुटे अंक उच्चारावेत.

पोटॅशियमच्या बाबतीत मात्र एवढ्यावर थांबता येत नाही. हे औषध विरळ न करता शिरेतून ढकलले तर हृदय थांबते, आणि त्यानंतर चूक सुधारायला वेळ बहुधा उरत नाही. साध्या वॉर्डात हाताच्या शिरेतून तासाला १० मिलिइक्विव्हॅलंटपेक्षा अधिक वेग ठेवू नये आणि लिटरला ४० मिलिइक्विव्हॅलंटपेक्षा अधिक दाट द्रावण लावू नये. त्याहून जास्त द्यायचे असेल तर ईसीजी मॉनिटर हवा आणि जागा आयसीयूची हवी. ५०० मिलिलिटरच्या बाटलीत पूर्ण अँप्युल घातले की दाटपणाची ती मर्यादा गाठली जाते. हीच बाटली चार तासांत द्यायची ठरली, तर मिलिलिटरला २० थेंब पाडणाऱ्या आयव्ही सेटवर मिनिटाला साधारण ४२ थेंब पडायला हवेत. सुरू करण्यापूर्वी रुग्णाला लघवी होते आहे ना, हे पाहावे.

एक चूक मी अनुभवी हातांकडूनही होताना पाहिली आहे : सलाइन स्टँडवर टांगलेले असतानाच खालून अँप्युल टोचून रिकामे करायचे. पोटॅशियमचे द्रावण जड असल्यामुळे ते तळाशी, म्हणजे सेटच्या तोंडाशी साचते आणि पहिल्या काही मिनिटांत जवळजवळ शुद्ध औषध शिरेत जाऊ लागते. बाटली खाली काढून, औषध घालून, अनेकदा उलटसुलट करूनच टांगावी आणि त्यावर औषधाचे नाव, मात्रा व वेळ लिहिलेली चिठ्ठी लावावी.

माझ्या उमेदवारीच्या काळात आमच्या ट्रेमध्ये डिस्टिल्ड वॉटरची आणि केसीएलची प्लास्टिकची अँप्युले शेजारी शेजारी असत. एका दुपारी अँटिबायोटिकची पावडर विरघळवण्यासाठी उचललेले अँप्युल फोडण्याआधी केवळ उजेडाकडे धरले म्हणून नाव वाचले गेले. त्या दिवसापासून मी केसीएल कुलपाच्या कपाटात ठेवत आले. शक्य असेल तेथे ते वॉर्डाच्या साठ्यात ठेवूच नये.

प्रश्न : संधिवाताच्या एक बाई न्यूमोनियासाठी दाखल झाल्या. घरची औषधे उतरवून घेताना केसपेपरवर ‘मेथोट्रेक्सेट ७.५, ओडी’ (ओडी म्हणजे रोज एकदा) असे लिहिले गेले. त्यांच्या मुलीने सांगितल्यामुळे चूक कळली. हे परिचारिकेने ओळखणे अपेक्षित आहे का? — परिचारिका, पुणे

उत्तर : होय, आणि अगदी पहिल्या गोळीच्या आधी. संधिवात किंवा सोरायसिससाठी मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच देतात. आकडा ७.५ हाच बरोबर असतो, चुकतो तो काळ. रोज दिले गेल्यास काही दिवसांतच तोंडात फोड येतात, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट कोसळतात आणि रुग्ण दगावू शकतो. त्यामुळे या औषधापुढे ‘ओडी’ दिसले की हात थांबला पाहिजे. शीटवर ठरलेला वार पूर्ण लिहावा आणि इतर सहा दिवसांच्या चौकटींवर आडवी रेघ मारावी.

नावांचाही घोळ आहे. फोलिट्रॅक्स म्हणजे मेथोट्रेक्सेट, तर फोलव्हाइट म्हणजे त्याच्या जोडीने दिले जाणारे फोलिक ॲसिड. गोळ्या अनेकदा दोन्ही लहान आणि पिवळसर. त्यामुळे ‘ती पिवळी गोळी रोज घेते’ असे रुग्णाने सांगितले तर स्ट्रिप मागवून पाहावी. तुमच्या रुग्णाला न्यूमोनिया होता, म्हणून हेही सांगते की मेथोट्रेक्सेट चालू असलेल्या रुग्णाला कोट्रायमोक्साझोल हे अँटिबायोटिक लिहिले गेले तर डॉक्टरांना तत्काळ आठवण करून द्यावी. ही जोडी अस्थिमज्जेला फार महागात पडते.

प्रश्न : राइल्स ट्यूबमधून (नाकातून जठरात घातलेल्या नळीतून) सगळ्या गोळ्या कुटून दिल्या तर चालते का? — परिचारिका, रत्नागिरी

उत्तर : नाही. नावापुढे एसआर, एक्सएल, ईआर, सीआर किंवा रिटार्ड अशी अक्षरे असतील, तर २४ तासांत सावकाश सुटणारी मात्रा कुटल्यावर एकदम सुटते. शीटवरचे मिलिग्रॅम तेच राहतात, पण रुग्णाचा रक्तदाब मात्र तासाभरात कोसळू शकतो. आतड्यात विरघळणारे आवरण असलेल्या गोळ्याही कुटू नयेत. पर्यायी औषध किंवा पातळ स्वरूप डॉक्टरांकडून लिहून घ्यावे.

प्रश्न : ११ आणि १२ नंबरच्या बेडवर दोन्ही ‘पाटीलकाका’ होते. माझ्याकडून एकाची रक्तदाबाची ॲम्लोडिपिन ५ मिलिग्रॅमची गोळी दुसऱ्याला गेली. दोन तासांनी बीपी चांगले होते. रिपोर्ट केला तर मेमो मिळेल म्हणून गप्प राहिलो. मन खाते आहे. — एक ब्रदर, ठाणे जिल्हा

उत्तर : मेमोची भीती मी खोटी म्हणणार नाही. अमेरिकेत नॅशव्हिल येथे डिसेंबर २०१७ मध्ये एका परिचारिकेच्या हातून शामक औषधाऐवजी स्नायू लुळे करणारे व्हेक्युरोनियम दिले गेले आणि रुग्ण दगावली. चूक तिने स्वतः मान्य केली होती, तरी मार्च २०२२ मध्ये न्यायालयात ती दोषी ठरली आणि पुढे तिला तीन वर्षांचे प्रोबेशन मिळाले. जगभरच्या परिचारिकांनी त्यावेळी जी नाराजी व्यक्त केली, तिचे कारण तुमच्या पत्रात आहे : शिक्षा दिसली की माणसे गप्प बसतात.

पण तुमच्या गप्प राहण्याने रुग्णाला काय झाले ते पाहा. ॲम्लोडिपिनचा परिणाम शिगेला पोहोचायला ६ ते १२ तास लागतात आणि औषध शरीरात त्याहून बराच काळ रेंगाळते. म्हणून दोन तासांनंतरच्या बीपीने काहीच सिद्ध होत नव्हते. डॉक्टरांना कळले असते तर त्या रात्री दर काही तासांनी बीपी घेतले गेले असते आणि काकांना एकट्याने संडासला उठू दिले नसते. शिवाय ज्यांची गोळी होती, त्यांचा डोस त्या दिवशी चुकला तो वेगळाच.

आजही इन्चार्ज सिस्टरांना सांगा आणि घटनेचा अर्ज भरा. त्यात काय दिले, केव्हा, कोणाला, एवढेच लिहा. खुलासे आणि क्षमायाचना लिहू नका. एक सूचना मात्र आवर्जून करा : एकाच आडनावाचे रुग्ण शेजारी ठेवू नयेत, आणि गोळी देताना ‘तुम्ही पाटीलकाका ना?’ असे विचारू नये. ग्लानीतला वृद्ध माणूस कोणत्याही प्रश्नाला ‘हो’ म्हणतो. ‘काका, तुमचं पूर्ण नाव सांगा’ असे म्हणावे आणि ते मनगटावरील पट्टीशी व शीटवरील नोंदणी क्रमांकाशी ताडून पाहावे.

औषध बरोबर देऊनही पुरळ, सूज, धाप असा त्रास झाला, तर ती चूक नसून दुष्परिणाम असतो आणि त्याची नोंद भारताच्या फार्माकोव्हिजिलन्स (औषधांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवणाऱ्या) कार्यक्रमाकडे करावी. हे काम गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगाकडे असून परिचारिका स्वतःच्या सहीने अर्ज भरू शकतात. त्यासाठी डॉक्टरांची परवानगी लागत नाही. मोफत फोन क्रमांक १८००-१८०-३०२४ असा आहे.