ब्राझीलमधली लहान डोक्याची बाळं झिकामुळे की पाण्यातल्या औषधामुळे?

तुम्ही विचारलंय की फॅमिली ग्रुपवर आलेल्या मेसेजात झिका या डासांतून पसरणाऱ्या विषाणूचा दोष नाही, पिण्याच्या पाण्यात टाकलेल्या औषधामुळे ब्राझीलमधली बाळं लहान डोक्याची जन्मली, असं म्हटलंय. आणि वहिनीला चौथा महिना लागलाय, तर खरं काय समजायचं?

हाच मेसेज मला २०२४ च्या जुलैत आला होता. पुण्यात राहते, तेव्हा तिसरा महिना, आणि एरंडवण्यात झिकाचे रुग्ण सापडलेले. मी डॉक्टर नाही, कॉलेजात मायक्रोबायोलॉजी शिकवते. झोप उडाली होतीच, मग वाचत बसले.

औषधाचं नाव पायरीप्रॉक्सिफेन. डासांच्या अळ्या वाढू नयेत म्हणून ते पाण्याच्या टाक्यांत टाकत. पण अशी बाळं सर्वाधिक जन्मली त्या शहरांपैकी एक म्हणजे ब्राझीलमधलं रेसिफे, आणि तिथे हे औषध वापरलंच नव्हतं! फ्रेंच पॉलिनेशिया या प्रशांत महासागरातल्या बेटांवर २०१३-१४ मध्ये झिकाची साथ येऊन गेली होती. ब्राझीलनंतर तिथल्या जुन्या नोंदी पुन्हा चाळल्या, तर तिथेही अशी बाळं निघाली. तेव्हा कुणी दोन्हींचा संबंध जोडला नव्हता, एवढंच.

पुरावा हाती लागला तो नोव्हेंबर २०१५ मध्ये, ब्राझीलमधल्या कॅम्पिना ग्रांदे या शहरात. डॉ. आद्रियाना मेलो यांना दोन गर्भवतींच्या सोनोग्राफीत बाळाचा मेंदू बिघडलेला दिसला. त्यांनी गर्भजल तपासायला पाठवलं आणि दोन्हींत झिका सापडला. पुढे एका गर्भाच्या मेंदूतही विषाणू मिळाला. ज्या पेशींपासून मेंदू घडतो त्यांनाच तो मारतो. मेंदू वाढला नाही की कवटीही वाढत नाही. पण नुसतं डोकं मोजून भागत नाही. डोळे, कान, सांधे यांवरही परिणाम होतो, आणि जन्मताना डोकं व्यवस्थित असलेल्या काही बाळांतही दोष नंतर दिसले.

आता धीर देणारा भाग. गरोदरपणात झिका झाला तरी साधारण ५ ते १४ टक्के बाळांवरच परिणाम होतो. पहिल्या तीन महिन्यांत धोका सर्वांत जास्त. वहिनी त्यातून बाहेर आल्या आहेत, पण धोका शून्य झालेला नाही. लस नाही. बहुतेकांना लक्षणंच दिसत नाहीत, त्यामुळे ‘ताप नाही ना, मग झालं’ हे चालत नाही. अनॉमली स्कॅन, म्हणजे बाळाच्या अवयवांत काही दोष आहे का ते पाहणारी सोनोग्राफी, चुकवू नका. ताप, पुरळ, डोळे लाल असं काही वाटलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा. आपल्या घरांत कुणी मोठ्याने बोलत नाही म्हणून मीच सांगते: झिका शरीरसंबंधातूनही पसरतो, तेव्हा भावालाही काळजी घ्यायला सांगा.

झिका पसरवणारा डास दिवसा चावतो. आमच्याकडे अळ्या ना कुंडीत सापडल्या ना टाकीत, तर फ्रीजच्या मागच्या ट्रेमध्ये. वहिनींच्या घरचा आजच ओढून बघा.