जपानमधल्या ओकायामाला एकच दिवस आहे, जानेवारीत. बिझेनची मातीची भांडी कुठे बघावीत आणि तिथलं खास काय खावं?

एक दिवस पुरतो, फक्त क्रम असा लावा: आधी खाण्यासाठी हिनासे, मग भांड्यांसाठी इम्बे. दोन्ही गावं जेआरच्या (जपान रेल्वेच्या) आको लाइनवर आहेत. ओकायामाहून इम्बे साधारण 40 मिनिटं, हिनासे त्यापुढचं चौथं स्टेशन. गाड्या तासाला एखादीच, म्हणून उतरल्या उतरल्या परतीची वेळ बघून ठेवा.

हिनासेला काकिओको खायचं. कोबी घातलेल्या पिठाचं जाड धिरडं आणि त्यात भरपूर ताजी कालवं, सगळं तव्यावरच. हंगाम नोव्हेंबर ते मार्च, म्हणजे तुमची वेळ अगदी बरोबर. बरीच दुकानं दुपारपुरतीच उघडी असतात आणि शनिवार-रविवारी रांग लागते, म्हणून हे आधी उरका. शिवाय भांड्यांचं ओझं घेऊन फिरावं लागत नाही. शाकाहाऱ्यांनी मात्र हिनासे सोडून द्यावं. कालवं वगळली तरी पिठात बहुधा माशाचं दाशी (उकळून काढलेलं पाणी) असतंच.

इम्बेला स्टेशनच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर अनेक कुंभारांचा माल एकत्र मांडलेला असतो. आधी तिथे भावाचा अंदाज घ्या, मग गल्लीतल्या दुकानांत शिरा. बिझेनच्या भांड्यांना ग्लेझ (काचेसारखा चकचकीत लेप) नसतं. लाल पाइनच्या लाकडावर दहा-बारा दिवस भट्टी चालते, पारा 1200 अंशांच्या वर जातो, आणि जे रंग दिसतात ते आगीनेच दिलेले असतात. उडालेली राख वितळून बसली की पिवळसर ठिपके, ते गोमा. भाताचा पेंढा गुंडाळून भाजलं की त्यातल्या पोटॅशियममुळे मातीतलं लोह लाल रेघांत उमटतं, ते हिदासुकी. हिदासुकी पुष्कळदा विजेच्या भट्टीतही भाजतात, त्यामुळे स्वस्त मिळाली तर नकली समजू नका. पहिल्या खरेदीला बिअरचा पेला उत्तम: खडबडीत आतल्या बाजूमुळे फेस बारीक येतो. घेताना टेबलावर ठेवून डुगडुगतोय का बघा, बुडावरून बोट फिरवा. बूड खरखरीत असेल तर घरी बारीक सँडपेपरने घासायचं, नाहीतर टेबलावर ओरखडे पडतात.

वापरण्याआधी थोडा वेळ पाण्यात बुडवा, म्हणजे तेल-डाग आत मुरत नाहीत. तरीही हळदीचा रस्सा त्यात वाढू नका. गॅस, मायक्रोवेव्ह वर्ज्य. धुतल्यावर पूर्ण वाळू द्या. कोकणातल्या पावसाळ्यात ओलं कपाटात ठेवलंत तर बुरशी धरेल.

स्वतः भांडं घडवायचा मोह झाला तर पैसे भरण्याआधी विचारा: भट्टी वर्षातून एक-दोनदाच लागते, भांडं काही महिन्यांनी मिळतं, आणि भारतात पाठवतातच असं नाही.

संध्याकाळी ओकायामात बाराझुशी (आंबट भातावर मासळी-भाज्यांची रेलचेल) किंवा डेमी-काट्सुदोन (भातावर तळलेलं डुकराचं मांस आणि दाट तपकिरी सॉस). बंद व्हायच्या आत परतलात तर कोराकुएन बाग. पुण्याच्या सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान तिच्यावरूनच बेतलंय. घरच्यांसाठी स्टेशनवर किबी दांगो घ्या, चिकट तांदळाच्या पिठाच्या मऊ गोळ्या, पण डब्यावरची तारीख बघून; फार दिवस टिकत नाहीत.