पहिल्यांदा बॅले बघायला जाताना

दौऱ्यावर आलेल्या रशियन कंपनीचा ‘स्लीपिंग ब्यूटी’ बघायला जाते आहेस, तर अगदी पहिल्या रांगेचं तिकीट घेऊ नकोस. बऱ्याच थिएटरांत तिथून पावलंच नीट दिसत नाहीत. वर बाल्कनीत बस; समूहनृत्यातल्या रांगा आणि वर्तुळं तिथून छान उलगडतात.

गोष्ट आधी वाचून जा, कारण रंगमंचावर कुणी बोलत नाही. चेहऱ्याभोवती हात फिरला की ‘सुंदर’, मुठी मनगटापाशी एकमेकींवर आल्या की ‘मृत्यू’. दुष्ट परी काराबोसचा शाप एवढ्यावरून कळतो.

आणि पहिल्या अंकातला ‘रोझ अडाजिओ’ हा संथ नाच डोळ्यांत तेल घालून बघ! राजकन्या ऑरोरा एका पायाच्या टोकावर उभी असते, चार राजपुत्र आळीपाळीने हात देतात, आणि मध्येमध्ये तो हात सोडून ती क्षणभर एकटीच तोल सांभाळते. तिच्या घोट्याकडे बघ. माझा श्वास अजूनही तिथे अडकतो.

१८९० साली सेंट पीटर्सबर्गच्या मारिन्स्की थिएटरात हा बॅले पहिल्यांदा झाला. नृत्यरचना पेतिपाची, संगीत चायकोव्हस्कीचं. दौऱ्यावर काही प्रयोग ध्वनिमुद्रित संगीतावर होतात, तेव्हा आधी विचारून घे. समोर वाद्यवृंद वाजणार असेल, तर चार पैसे जास्त गेले तरी जाऊ देत.