वांदरं बघायला बसतोयस, तर आधी बिस्किटं बंद कर

अरे, गुहागरला बागेत वांदरं बघत बसतोस हे ऐकून खूप बरं वाटलं, पण खायला टाकून जवळ बोलवू नकोस प्लीज. आफ्रिकेत टांझानियातल्या गोम्बेच्या जंगलात जेन गुडॉल या संशोधक बाईंनी १९६० पासून चिंपांझी बघितले, तिथे केळी ठेवायला लागल्यावर त्यांच्यातली भांडणं वाढली, मग खरं वागणं कुठलं नि केळ्यांमुळे कुठलं हेच कळेना. लांब बस, फाटका कान, तुटकी शेपटी अशी एकेकाची ओळख वहीत लिही, मग कोण कोणाच्या उवा काढतंय ते बघ, चिंपांझीत मैत्री बरीचशी त्यावरच टिकते. पहिला महिना कंटाळा येईल, येऊ दे. आणि वांदर म्हणजे चिंपांझी नव्हे हां, आपल्याकडे माद्या कळपात राहतात नि नर बाहेर पडतात, चिंपांझीत उलटं, वयात आलेल्या बऱ्याच माद्या दुसऱ्या गटात जातात.