स्पर्श-सेन्सर : आकडे स्थिर झाले, अचूक झाले का?

प्रश्न : रोबोच्या पकडीत मी दाबानुसार विद्युतरोध बदलणारा स्पर्श-सेन्सर बसवला आहे. आकडे फार थरथरत असल्याने सेकंदाला 1000 नमुने घेऊन शेवटच्या 16 नमुन्यांची सरासरी वापरतो. थरथर कमी झाली; परंतु तोच भार चढवताना एक आकडा येतो आणि उतरवताना दुसरा, शिवाय वस्तू निसटू लागल्याचे कळतही नाही. सरासरी आणखी मोठी घ्यावी काय?

उत्तर : नाही. यादृच्छिक गोंगाट, म्हणजे आकड्यांची दिशाहीन थरथर, नमुन्यांच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटतो. म्हणजे 16 नमुन्यांनी तो साधारण चौथ्या हिश्शावर आला आहे आणि तो आणखी निम्मा करायचा, तर 64 नमुने लागतील व साडेसात मिलिसेकंदांचा विलंब साडेएकतीसवर जाईल. वीजपुरवठा 50 हर्ट्झचा असल्यास 20 नमुने मात्र अवश्य घ्यावेत, कारण त्यांत एक पूर्ण आवर्तन मावते आणि विजेची गुणगुण जवळजवळ पुसली जाते.

चढ-उतारातला फरक हा गोंगाटच नव्हे. सेन्सरमधील बहुवारिक (पॉलिमर) भार काढल्याबरोबर पूर्ववत होत नाही, त्यामुळे आकडा आताच्या दाबाबरोबर आधीच्या दाबावरही अवलंबून राहतो आणि ही चूक दर वेळी एकाच दिशेची असल्याने कितीही सरासरी घेतली तरी तशीच उरते. ज्ञात वजने वापरून चढता आणि उतरता असे दोन स्वतंत्र वक्र काढावेत आणि दाब वाढतो आहे की घटतो आहे हे पाहून त्यांतील योग्य तो वापरावा. भार अर्ध्यावरून परत फिरत असेल, तर एवढ्याने भागत नाही. तेथे मागील दाबांचा हिशेब ठेवणारे प्रतिमान लागते. शून्य आपोआप दुरुस्त करण्याची सोय पकड रिकामी असतानाच चालू ठेवावी, एरवी हातात धरलेल्या वस्तूचे वजनच हळूहळू शून्य ठरते.

निसटण्याची खूण मंद दाबात नसून जलद कंपनांत असते. माणसाच्या त्वचेतील कंपने टिपणाऱ्या पॅसिनीय कणिका 250 हर्ट्झच्या आसपास सर्वाधिक संवेदनशील असतात, आणि आपली 16 नमुन्यांची सरासरी नेमकी हीच वारंवारता पूर्णपणे खोडून टाकते! म्हणून मूळ सिग्नलच्या दोन वाटा कराव्यात : एक सरासरीतून दाबासाठी, दुसरी मंद बदल गाळून टाकणाऱ्या फिल्टरमधून निसटण्यासाठी. 500 हर्ट्झच्या, म्हणजे नमुन्यांच्या वेगाच्या निम्म्याच्या, वरचे सारे मात्र नमुने घेण्यापूर्वीच रोध (रेझिस्टर) व धारित्राच्या (कपॅसिटर) साध्या फिल्टरने शक्य तितके दाबावे, कारण ते एकदा आकड्यांत मिसळले की कोणत्याही प्रोग्रामला वेगळे काढता येत नाही.