जर्म-फ्री पिल्लं हवीत? मग आधी कोंबडी कुठली ते बघा

प्रश्न असा आहे की जवळच्या हॅचरीतून चांगली फर्टाइल अंडी आणली, जंतुनाशकात बुडवून स्वच्छ इन्क्युबेटरला लावली, तर आतड्यातल्या जंतूंच्या अभ्यासासाठी जर्म-फ्री, म्हणजे अंगात एकही जंतू नसलेली, पिल्लं मिळतील का. नाही मिळणार. पीएचडीची दोन वर्षं यात जायच्या आधी का मिळणार नाहीत ते नीट समजून घ्या.

अंड्याचं कवच आपण बाहेरून निर्जंतुक करू शकतो, पण आत काय आलंय ते कोंबडीवर ठरतं. साल्मोनेला पुलोरम, मायकोप्लाझ्मा, एव्हियन ल्युकोसिस व्हायरस, चिकन ॲनिमिया व्हायरस हे सगळे रोगजंतू आईकडून थेट अंड्यात उतरतात, तिथे बाहेरून कितीही तीव्र केमिकल लावलं तरी उपयोग शून्य. म्हणून सुरुवात एसपीएफ (स्पेसिफिक पॅथोजेन फ्री) कळपापासूनच करायची, म्हणजे ठरावीक यादीतले रोगजंतू नसलेला कळप. या कोंबड्या हेपा फिल्टरची (अतिसूक्ष्म कण आणि जंतू गाळणारा फिल्टर) हवा आत ढकलणाऱ्या शेडमध्ये असतात, त्यांना लस देत नाहीत, कारण लस दिली की रक्तात अँटीबॉडी दिसणार आणि ती लसीची का खऱ्या इन्फेक्शनची हे कळणार नाही, शिवाय ती बलकात उतरून व्हायरस वाढवायच्या कामात अडथळा आणते. रक्ताच्या तपासण्या मात्र सतत चालू. पुण्यात व्यंकटेश्वरा हॅचरीज ग्रुपकडे एसपीएफ अंडी तयार होतात, तिकडे चौकशी करा. महाग पडतात, पण इथे पैसे वाचवू नका.

आता दुसरी गोष्ट, यात खूप लोक गल्लत करतात. एसपीएफ म्हणजे जर्म-फ्री नव्हे! एसपीएफ कोंबडीच्या पोटात साधे बॅक्टेरिया भरपूर असतात, फक्त यादीतले नसतात. तिचं पिल्लू साध्या हॅचरमध्ये निघालं की काही तासांत त्याच्या आतड्यात जंतू शिरतात.

पक्ष्यांमध्ये आपल्याला एक मोठा फायदा आहे. उंदीर-गिनिपिगचं सिझेरियन करून पिल्लू निर्जंतुक जागेत न्यावं लागतं, इथे पिल्लू आधीच बंद डब्यात आहे. शॉटेलियस या शास्त्रज्ञाने १८९९ मध्ये जर्मनीत निर्जंतुक पिल्लं काढली होती, पण ती नीट वाढली नाहीत, त्यामुळे जंतूंशिवाय प्राणी जगूच शकत नाही असं बऱ्याच जणांना वाटलं. मग १९१२ मध्ये पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये कोहेन्डीने ती वाढवून दाखवली. पुढे कळलं की खरी गोम खाद्यात असते, ऑटोक्लेव्हच्या (दाबाच्या वाफेने निर्जंतुक करायचं यंत्र) उष्णतेत थायमिन हे व्हिटॅमिन जातं आणि आतड्यात व्हिटॅमिन के बनवणारे बॅक्टेरियाही नसतात, म्हणून दोन्ही जास्तीची घालायची. शक्य असेल तर गॅमा इरॅडिएशन केलेलंच, म्हणजे किरणांनी निर्जंतुक केलेलं, खाद्य घ्या.

कामाचा क्रम सांगतो. स्वच्छ घरट्यातलीच अंडी, तडा नको, विष्ठा लागलेलं अंडं धुऊन वापरायचं नाही. जंतुनाशकाचं द्रावण अंड्यापेक्षा कोमटच हवं, थंड असलं की आतला ऐवज आकसतो आणि कवचाच्या हजारो छिद्रांतून बाहेरची घाण आत ओढली जाते. फॉर्मलिन या जंतुनाशकाची धुरी द्यायची तर अंडी गोळा झाल्या झाल्या द्या, उबवण सुरू झाल्यावर २४ ते ९६ तासांच्या दरम्यान नको, तेव्हा भ्रूण फार नाजूक असतो. ३७.५ अंशाला उबवायची, मधे कँडलिंग करून, म्हणजे अंड्यामागे दिवा धरून आत बघून, मेलेली काढत राहायची (एक सडलेलं अंडं आयसोलेटरमध्ये, म्हणजे जंतू आत येऊ न देणाऱ्या बंद पेटीत, फुटलं की बॅच संपली). साधारण १८ व्या दिवशी, पिल्लाने चोच हवेच्या पोकळीत घालायच्या आत, पेरॅसेटिक ॲसिड या जंतुनाशकातून अंडी निर्जंतुक आयसोलेटरमध्ये न्यायची. जुन्या पेपरांत मर्क्युरिक क्लोराइड दिसेल, पारा आहे तो, वापरू नका. पेरॅसेटिकचं प्रमाण आणि वेळ आधी साध्या अंड्यांवर ठरवून घ्या, कमी पडलं तर जंतू राहतात आणि जास्त झालं तर पिल्लू आतच मरतं.

सगळ्यात जास्त बॅचेस वाया जातात त्या शेवटच्या तीन दिवसांत, आणि ते ओलाव्यामुळे! आयसोलेटरमधून हवा सतत वाहते, ती कोरडी असते, कवचाखालचा पापुद्रा वाळून पिल्लाला चिकटतो आणि पूर्ण वाढलेलं पिल्लू बाहेर येत नाही. ६५-७० टक्के आर्द्रता टिकतेय का ते अंडी न घालता आधी तपासा. निघाल्यावर घाई नको, पोटातल्या बलकावर पिल्लू दोन-तीन दिवस काढतं.

जर्म-फ्री आहेत हे सिद्ध करायला जंतू वाढवायची नुसती एक प्लेट लावून चालत नाही. विष्ठा, खाद्य, पाणी, कवचाचे तुकडे सगळ्याचे नमुने ऑक्सिजनसह आणि ऑक्सिजनशिवाय वाढवा, ग्रॅम स्टेन करा (रंग देऊन बॅक्टेरिया सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे), १६एस पीसीआर करा (बॅक्टेरियाचा डीएनए शोधायची चाचणी), आणि दर आठवड्याला परत करा.

आणि हे सगळं लागणारच आहे का तेही बघा. १९७३ मध्ये फिनलंडच्या नुर्मी आणि रांताला यांनी प्रौढ कोंबडीच्या आतड्यातला ऐवज नुकत्याच निघालेल्या पिल्लांना देऊन साल्मोनेला रोखला, त्याला जर्म-फ्री पिल्लं लागली नाहीत. तुमचा प्रयोग त्या धर्तीचा असेल तर एक दिवसाची एसपीएफ पिल्लं पुरतील, खर्चही बराच कमी. एकाच जातीच्या बॅक्टेरियाचा परिणाम वेगळा काढायचा असेल तर मात्र आयसोलेटरशिवाय पर्याय नाही. एथिक्स कमिटीचा अर्ज दोन्हीला लागतो, तो आजच टाका. प्रयोगाचा आराखडा इथे लिहा, आयसोलेटर किती मोठा लागेल ते त्यावरून सांगतो.