दुसरे महायुद्ध चालू असतानाच अमेरिकी सैन्याने आपला गणवेश का बदलला? जुना निकृष्ट होता का?

जुन्या गणवेशाचे कापड निकृष्ट नव्हते, त्यामागचा विचार अपुरा होता. १९४१चे फील्ड जॅकेट आखूड होते आणि बाहेरून सुती पॉपलिन, आतून लोकरी अस्तर अशा एकाच कपड्यावर त्याची सारी भिस्त होती. मे १९४३मध्ये कॅलिफोर्नियात सराव केलेली अमेरिकेची सातवी डिव्हिजन (हजारो सैनिकांची तुकडी) अलास्काच्या अट्टू बेटावर उतरली, तेव्हा सुमारे १,२०० सैनिक केवळ थंडी आणि ओल यांमुळे जायबंदी झाले. सैन्याला कपडे व इतर साहित्य पुरवणाऱ्या क्वार्टरमास्टर विभागात जॉर्ज डोरिओ यांच्या हाताखाली जो एम-१९४३ गणवेश घडला, त्यात लोकरी शर्ट, त्यावर स्वेटर आणि सर्वांत वर वारा अडवणारे घट्ट विणीचे सुती जॅकेट असे थर होते. ऊब थरांमध्ये अडकलेल्या हवेतून मिळते आणि घाम येऊ लागला की एक थर उतरवता येतो.

हा प्रश्न माझ्या मनाला लागण्याचे कारण असे की, कापडाच्या तपासणीत नोकरी करत असताना शीतगृहातील हमालांच्या कोटांचे काम आमच्याकडे आले होते. मी थरांचा आग्रह धरला. वरिष्ठांनी कापूस भरलेला एकच जाड कोट मंजूर केला. पोती उचलताना माणसे घामाने भिजत आणि त्याच ओल्या कपड्यांनिशी पुन्हा थंडीत उभी राहत. तक्रारी आल्यावर वरिष्ठांचे उत्तर ठरलेले होते : हमालांना कोट नीट वापरता येत नाही. कपडा फसला की अंगात घालणाऱ्याला दोषी धरायचे, ही वृत्ती मला तेव्हा संतापजनक वाटली आणि आजही वाटते.

युरोपातही तेच घडले. नवा गणवेश १९४४च्या आरंभी इटलीत अँझिओ येथे तिसऱ्या डिव्हिजनने वापरून पाहिला होता, तरी युरोपातील क्वार्टरमास्टर प्रमुख रॉबर्ट लिटलजॉन यांचा ओढा आखूड लोकरी जॅकेटाकडे होता. १९४४-४५च्या हिवाळ्यात ४५ हजारांहून अधिक अमेरिकी सैनिक ट्रेंच फूट (सतत ओल आणि थंडी लागून पायांना होणारी इजा) आणि हिमदंशाने रुग्णालयात गेले, आणि ट्रेंच फूटचे खापर सैनिकांच्या बेशिस्तीवर फोडण्यात आले.

एक गोष्ट मात्र नोंदवली पाहिजे. सप्टेंबर १९४४मध्ये वाहतूक अपुरी होती, बेल्जियममधील अँटवर्पचे बंदर नोव्हेंबरच्या अखेरीपर्यंत खुले झाले नव्हते आणि तेथील अमेरिकी सैन्यगटाचे प्रमुख जनरल ब्रॅडली यांनी हिवाळी कपड्यांपेक्षा दारूगोळा व इंधन आधी मागवले. शिवाय ट्रेंच फूट हा मुख्यतः ओल्या बुटांचा आणि न बदललेल्या मोज्यांचा प्रश्न आहे; तो कोणत्याही जॅकेटाने सुटला नसता. तरीही आपण गणवेश ठरवणाऱ्यांपैकी असाल, तर जाडी मोजण्याआधी तो घालून ओझे उचलणाऱ्या माणसाला विचारा. कोरियातील एम-१९५१ आणि व्हिएतनाममधील एम-६५ ही जॅकेटे थरांच्या त्याच तत्त्वावर बेतलेली होती.